गुनने चोरलेली माती

अलीकडे एका व्याख्यानात एक मांडणी ऐकली आणि घरी येईपर्यंत ती डोक्यातून गेली नाही. वक्ते अभ्यासू होते, बोलणं ओघवतं होतं, सभागृहाने टाळ्याही भरपूर दिल्या. मांडणी अशी. ग्रीक पुराणकथेतला माणूस देवांच्या मर्जीवर जगतो, चिनी पुराणकथेतला माणूस स्वतःच्या बळावर उभा राहतो. ग्रीकांना अग्नी प्रॉमिथिअसने देवांकडून चोरून आणून दिला. चीनमध्ये स्वेइरेन नावाच्या माणसाने लाकडावर लाकूड फिरवून तो स्वतः पेटवला. प्रलय आला तेव्हा ग्रीकांचा ड्यूकॅलिअन पेटीत बसून तरंगत राहिला. चिनी यूने कालवे खणून पाणी समुद्राला नेलं. ग्रीकांनी सूर्याला देव म्हणून नमस्कार केला. चिनी यीने त्याच्यावर बाण सोडले. यावरून दोन संस्कृतींचा स्वभाव ठरला, आणि स्वभावावरून आजचं राजकारणसुद्धा.

ही मांडणी त्या वक्त्यांची एकट्यांची नाही. चिनी वाचकांत ती गेली काही वर्षं फार लोकप्रिय आहे. तिला एक जोडमांडणीही आहे, आणि गंमत म्हणजे ती बहुतेकदा त्याच तोंडून येते. ग्रीक देव व्यभिचारी, मत्सरी, सूडखोर; चिनी देव सदाचारी. चीनमध्ये पुण्यवान माणूस मरणानंतर देव होतो. ग्रीसमध्ये माणूस आणि देव यांच्यातली भिंत कधी ओलांडता येत नाही.

माझं म्हणणं असं आहे की यातला एकही निष्कर्ष मूळ ग्रंथांसमोर टिकत नाही. चूक तपशिलाची असती तर मी लेख लिहायला बसलो नसतो. चूक पद्धतीची आहे. ग्रीसकडून कवी बोलावले आहेत, चीनकडून राजदरबारचे विचारवंत, आणि दोघांच्या जबान्या शेजारी ठेवून दोन जमातींचा स्वभाव ठरवला आहे.

आगीपासूनच सुरुवात करू. स्वेइरेनची कथा ज्या ग्रंथातून सर्वांत जास्त सांगितली जाते तो इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या हान फेइचा राज्यशास्त्रावरचा ग्रंथ. तिथे ती एका युक्तिवादाचा भाग म्हणून येते. एका शहाण्या माणसाने आग पेटवली, शिजवलेलं अन्न पोटाला बाधेना, म्हणून लोकांनी त्याला राजा केलं. पण आज कुणी त्याचं अनुकरण करू लागला तर लोक हसतील, कारण काळ बदलला की राज्य करायच्या रीतीही बदलायला हव्यात. हान फेइला एवढंच सिद्ध करायचं आहे. ही विचारवंताने आपल्या कामासाठी घासून घेतलेली गोष्ट आहे. तिच्याशी तुलना करायचीच असेल तर ग्रीक विचारवंतांशी करा. इतिहासकार डिओडोरसने आदिमानवाचं वर्णन केलं आहे, त्यात कुठलाही देव नाही. माणसं हळूहळू, गरजेपोटी, अनुभवाने शिकत जातात आणि आगही त्यांना अशीच सापडते. म्हणजे स्वेइरेनसारखा माणूस ग्रीकांकडेही होता. तो त्यांच्या गद्यात होता.

मग प्रॉमिथिअस चीनमध्ये होता का? होता. त्याचं नाव गुन.

‘शान हाय जिंग’ हा डोंगर, समुद्र आणि तिथल्या देव-प्राण्यांची नोंद करणारा जुना ग्रंथ. त्याच्या अगदी शेवटाला ही कथा थोडक्यात येते. पृथ्वीवर पाणी आकाशाला भिडलं होतं. स्वर्गाधिपतीजवळ एक माती होती, आपोआप वाढत जाणारी, कितीही घेतली तरी न संपणारी. गुनने ती चोरली आणि पाणी अडवायला घातली. आज्ञेची वाट पाहिली नाही. अधिपतीने अग्निदेव झूरोंगला पाठवलं आणि पिसांच्या डोंगराच्या पायथ्याशी गुनचा वध करवला. दुसरीकडची एक जुनी नोंद सांगते की तीन वर्षं त्याचं प्रेत कुजलंच नाही. मग ते चिरलं गेलं. त्याच्या पोटातून यू जन्माला आला, तोच यू, ज्याच्या कालव्यांचं कौतुक सभागृहात ऐकलं.

देवाजवळची वस्तू, माणसांसाठी केलेली चोरी, न विचारता केलेली मदत, डोंगरावर भोगलेली शिक्षा आणि नासायला नकार देणारं शरीर. प्रॉमिथिअसची कथा माहीत असलेल्या कुणालाही हे वाचताना थबकायला होतं. छू देशाच्या कवितेत गुनबद्दल उघड कणव आहे. छू युआनच्या नावावर असलेल्या काव्यात तो सरळ, न वाकणारा आणि म्हणून मेलेला माणूस म्हणून येतो.

आता हाच गुन ‘शू जिंग’मध्ये, म्हणजे राजांच्या जुन्या दस्तऐवजांच्या संग्रहात पाहा. तिथे माती नाही, चोरी नाही. तिथे सम्राट याओ पूर अडवायला कोणाला नेमावं असं दरबाराला विचारतो, दरबार गुनचं नाव सुचवतो, नऊ वर्षं जातात, काम होत नाही. पुढे गुनला शिक्षा होते. देवाविरुद्ध बंड करणारा एक नालायक अधिकारी होऊन बसला. चिनी पुराणकथेत देवांविरुद्ध चोरी नाही असं वक्ते म्हणतात, कारण ते हे दुसरं पुस्तक वाचून बोलतात. चोरी होती. ती कागदावरून पुसली गेली.

हे पुसणं कसं चालायचं याचे सुंदर नमुने खुद्द चिनी ग्रंथांतच आहेत. क्वेइ नावाचा एका पायाचा, बैलासारखा प्राणी समुद्रातल्या डोंगरावर राहायचा. पीत सम्राटाने त्याच्या कातड्याचा नगारा केला आणि त्याचा आवाज पाचशे ली दूर जाऊ लागला. ‘शान हाय जिंग’मध्ये असं आहे. दरबारी परंपरेत क्वेइ हा एका जुन्या सम्राटाचा संगीत-अधिकारी. मग एका पायाचं काय करायचं? कथा अशी की लू देशाच्या राजाने कन्फ्यूशिअसला विचारलं, क्वेइला खरंच एकच पाय होता का. पाय आणि पुरेसा या दोन्हींना चिनीत एकच शब्द आहे. कन्फ्यूशिअसने उलगडा केला की वाक्य चुकीचं वाचलं जातंय. क्वेइसारखा माणूस एक असला तरी पुरे, असा त्याचा अर्थ. पीत सम्राटाला चार तोंडं होती हेही असंच निकालात निघालं. चार दिशांना चार माणसं राज्यकारभारासाठी पाठवली होती, एवढंच. एका शब्दाच्या श्लेषाने राक्षस सरकारी नोकर झाला.

हे मी काही नवीन सांगत नाही. 1923 मध्ये गू ज्येगांग या चिनी इतिहासकाराने धाडसाने मांडलं होतं की प्राचीन चिनी इतिहास थरांवर थर चढत तयार झाला आहे. जितका लेखक अलीकडचा, तितके त्याचे राजे अधिक प्राचीन आणि अधिक सद्गुणी. यू हा मुळात देव होता आणि नंतर माणूस, मग आदर्श राजा झाला, असं त्याचं म्हणणं. त्यावर चीनमध्ये मोठं वादळ उठलं. त्याच्या प्रत्येक निष्कर्षाशी सहमत व्हायची गरज नाही. पण 100 वर्षांपूर्वी चिनी विद्वानाने स्वतःच्या परंपरेला जो प्रश्न विचारला, तो टाळून आपण तुलना करायला बसणं मला अपमानास्पद वाटतं, त्यांच्यासाठी आणि आपल्यासाठीही.

आणि ग्रीकांच्या घरात अशी साफसफाई करू पाहणारे नव्हते काय? झेनोफानिसने इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकातच होमर आणि हेसिअड यांच्यावर ठपका ठेवला होता की त्यांनी चोरी, व्यभिचार, फसवणूक देवांच्या अंगी चिकटवली. प्लेटोने आपल्या कल्पित राज्यातून अशा कथा हद्दपार केल्या. फरक इतकाच की प्लेटोचं राज्य कागदावर राहिलं आणि होमर मुलांच्या शाळेत राहिला. प्लेटोच्या हाती सत्ता आली असती तर आज ग्रीक देवही आपल्याला सदाचारीच दिसले असते.

सूर्य आणि पूर यांचं चटकन पाहू. यीने बाण सोडले हे खरं. पण ‘शान हाय जिंग’प्रमाणे त्याला लाल धनुष्य आणि पांढरे बाण दिले ते देव दी ज्युनने, खालच्या जगाला मदत करायला; आणि त्याच ग्रंथात दहा सूर्य म्हणजे दी ज्युनच्या पत्नीने जन्म दिलेली मुलं आहेत. ‘ह्वायनानझ’ या इ.स.पू. 139 मध्ये हान सम्राटाला सादर झालेल्या ग्रंथात त्याला आज्ञा सम्राट याओची. म्हणजे यी बंडखोर नाही, नेमलेला आहे. उलट ग्रीकांकडे काय आहे? हेरॅक्लीझ गेरिऑनची गुरं आणायला निघाला, वाटेत ऊन असह्य झालं, आणि त्याने सूर्यदेव हेलिओसवरच धनुष्य ताणलं. कुणाची आज्ञा नाही, फक्त तापलेलं डोकं. हेलिओसला त्या हिमतीचं कौतुक वाटलं आणि त्याने समुद्र ओलांडायला आपला सोन्याचा पेला दिला. ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात डायोमिडीझ अ‍ॅफ्रोडायटीचा हात भाल्याने फाडतो आणि अथेनाच्या साथीने युद्धदेव एरीझलाही घायाळ करतो. तिथेच एरीझची जुनी फजितीही सांगितली आहे: दोन दांडग्या भावांनी त्याला तेरा महिने काशाच्या रांजणात कोंडून ठेवलं होतं. या कथांना देवांपुढे मान तुकवलेल्या माणसाच्या कथा म्हणायचं असेल, तर मान तुकवणं या शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

कालवे खणणारा नायकही ग्रीकांकडे आहे. आर्केडियातल्या फेनिऑसच्या पूरग्रस्त मैदानात पाणी वाहून नेणारा चर हेरॅक्लीझने खणला, असं तिथले लोक सांगत, आणि इ.स.च्या दुसऱ्या शतकात फिरलेल्या पॉसेनिअसने ते नोंदवलं आहे. हेरॅक्लीझचं तबेला साफ करणं म्हणजे तरी काय, नदी वळवणंच.

डोंगर हलवणाऱ्या म्हाताऱ्याची चिनी कथा या मांडणीत नेहमी शेवटचा हुकमी एक्का म्हणून टाकली जाते. दारासमोरचे दोन डोंगर फावड्याने हलवायला निघालेला नव्वदीचा वृद्ध, मी मेलो तर मुलगा खणेल म्हणणारा. कथा थोर आहे. पण ती पूर्ण सांगा. शेवटी डोंगर फावड्याने हलत नाहीत. देव घाबरतात, अधिपतीला कळवतात, त्याचं मन द्रवतं आणि तो दोन दैवी बलवान भावांकरवी डोंगर उचलवून नेतो. 11 जून 1945 ला यानआनमधल्या चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या सातव्या महाधिवेशनाच्या समारोपात माओंनी ही कथा सांगितली तेव्हा देवाचा भाग गाळला नाही; उलट त्याचा उपयोग केला, आणि आपला देव म्हणजे चिनी जनता असा अर्थ लावला. आज ती कथा देव वगळून सांगणारे माओंपेक्षाही मोठी कात्री चालवतात. सूर्यामागे धावणाऱ्या ख्वाफूबद्दलही तेच. आज तो जिद्दीचं प्रतीक आहे. ‘शान हाय जिंग’च्या एका भागात मात्र त्याला स्वतःच्या ताकदीचा अंदाज नव्हता असा शेरा आहे, आणि तो तहानेने मरतो.

आता सदाचाराकडे येऊ. पश्चिमेची राणीमाता शीवांगमू आज पीचफळांची उदार मालकीण म्हणून चित्रांत दिसते. सर्वांत जुन्या वर्णनात तिला बिबट्याचं शेपूट आणि वाघाचे दात आहेत, केस विस्कटलेले आहेत, आणि तिच्या ताब्यात आपत्ती आणि शिक्षा आहेत. यीने नदीदेवाला बाण मारला आणि लो नदीची देवी पत्नी म्हणून घेतली. ‘थिएन वेन’ या प्राचीन प्रश्नकाव्यात कवी नेमकं हेच विचारतो, की लोकांची दुःखं निवारायला पाठवलेल्याने असं का केलं. प्रश्न विचारला आहे, उत्तर दिलेलं नाही. नीतीचं उत्तर नंतरच्यांनी शोधलं.

आणि ग्रीकांना नीतीचा देव माहीतच नव्हता म्हणणाऱ्याने हेसिअडचं ‘कामं आणि दिवस’ उघडावं. तिथे झ्यूसचे तीस हजार अमर पहारेकरी धुकं पांघरून पृथ्वीवर फिरतात, न्यायनिवाड्यांवर लक्ष ठेवतात. न्यायदेवता डिकी, झ्यूसची मुलगी, कुणी तिचा अवमान केला की बापाशेजारी जाऊन बसते आणि माणसांच्या वाकड्या मनाची तक्रार करते. हे वाचताना मला चिनी चूलदेव आठवतो. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात तो महिन्याच्या शेवटच्या रात्री वर जाऊन घरच्यांची पापं सांगतो, आणि मोठ्या पापाला आयुष्यातून तीनशे दिवस कापले जातात. बापाशेजारी बसलेली मुलगी आणि वर चुगली करणारा चूलदेव, दोघांचं काम एकच.

माझ्या मते सगळ्यात उघडी पडते ती माणूस देव होण्याची बाजू. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

अ‍ॅस्टिपालाया बेटाचा क्लिओमिडीझ हा मुष्टियोद्धा. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑलिंपियात त्याच्या हातून प्रतिस्पर्धी मेला. पंचांनी नियमबाह्य ठरवून बक्षीस काढून घेतलं. दुःखाने वेडा होऊन तो बेटावर परतला आणि साठेक मुलं शिकत होती त्या शाळेचा खांब त्याने उखडला. छप्पर मुलांवर कोसळलं. लोक दगड घेऊन धावले, तो अथेनाच्या देवळात शिरला आणि एका पेटीत बसून झाकण आतून घट्ट धरलं. पेटी फोडली तर आत कोणी नाही, जिवंत नाही की मेलेला नाही. बेटाने डेल्फीला माणसं पाठवली. डेल्फीने सांगितलं की तो आता मर्त्य नाही, शेवटचा वीर आहे, त्याला बळी द्या. आणि बेट बळी देऊ लागलं.

आता चीन. हान काळाच्या अखेरीस, आजच्या नानजिंग भागातला ज्यांग झिवेन हा खालच्या दर्जाचा अधिकारी. दारू आणि बायका यांचा शौकीन. आपल्या हाडांत काही तरी विशेष आहे, मी मेल्यावर देव होणार, असं तो म्हणत फिरायचा. डाकूंचा पाठलाग करताना जखमी होऊन मेला. पुढे राजा सुन छ्वानच्या राज्यात तो पांढऱ्या घोड्यावर, हातात पांढऱ्या पिसांचा पंखा घेऊन दिसू लागला आणि देऊळ मागू लागला. दिलं नाही तर रोगराई येईल म्हणाला, ती आली. मग किडे लोकांच्या कानांत शिरतील म्हणाला, तेही झालं, माणसं मेली. मग आगी. शेवटी सुन छ्वानने त्याला सरदारकीचा किताब दिला, शिक्का-फीत दिली, देऊळ बांधलं आणि डोंगराला त्याचं नाव दिलं. चौथ्या शतकातल्या गान बाओने हे लिहून ठेवलं आहे.

पुण्याईने देव झाले म्हणता ते कोण? शाळा पाडणारा, आणि गावाला वेठीस धरणारा. दोन्हीकडे देवपण पुण्याईतून आलेलं नाही. एका भयंकर, अतृप्त मृताला कुठेतरी ठाणं दिल्याशिवाय गत्यंतर नाही, यातून आलं आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. पुण्याच्या आसपासचे वेताळ, म्हसोबा यांची ठाणी पायी फिरून पाहणाऱ्या गोव्याच्या दामोदर कोसंबींनी 1962 च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मध्ये देव पोथीत शोधण्याआधी बांधावर शोधायला शिकवलं. तेच इथे करायला हवं होतं.

आणि बांधावर गेलं की खरा फरकही दिसतो. फरक नाही असं मी म्हणत नाही. क्लिओमिडीझचा निर्णय दुसऱ्या देवाने दिला, डेल्फीच्या अपोलोने. ज्यांगचा निर्णय राजाने दिला, शिक्का मारून. पुढे सेनापती ग्वान यू आणि फूज्येन किनाऱ्यावरची समुद्रदेवी माझू यांनाही बढत्या मिळत गेल्या त्या सम्राटांच्या फर्मानांनी. माणूस आणि देव कुठल्या मातीचे, यात दोन्ही पुराणं फार जवळ आहेत. दोघांमधला तंटा कुठल्या चावडीवर जातो, यात ती वेगळी आहेत.

देव आणि माणूस वेगळे झाले त्या क्षणाच्या दोन कथा बघा. हेसिअड सांगतो की मेकोनी या जागी देव आणि माणसं वाटणी करत होती. प्रॉमिथिअसने बैल कापला, मांस पोटाच्या कातड्यात लपवलं, हाडं चरबीत झाकली आणि झ्यूसला निवड करायला सांगितलं. तेव्हापासून माणसं देवांना हाडं जाळतात आणि मांस स्वतः खातात. म्हणजे ताटातल्या वाटणीवरून भांडण झालं आणि ते मिटलं नाही. चिनी चूलदेवालाही बाराव्या महिन्यात वर पाठवताना चिकट गोड पदार्थ तोंडाला लावतात, तोंड चिकटावं किंवा गोड बोलावं म्हणून. देवाला जेवणातून फसवणं दोन्ही घरांना ठाऊक होतं.

पण वेगळं होण्याची चिनी कथा स्वयंपाकघरातली नाही. सम्राट झ्वानशूने छोंग आणि ली या दोघांना नेमून स्वर्ग आणि पृथ्वी यांच्यातली ये-जा तोडली. याचा अर्थ छूचा राजा झाओ याने इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकांच्या सुमारास आपल्या ग्वान शफू या अधिकाऱ्याला विचारला. अधिकाऱ्याने नीट समजावलं: घरोघर लोक स्वतःच देवऋषी होऊन बसले होते, अर्पणांना शिस्त राहिली नव्हती, देव आणि लोक यांची सरमिसळ झाली होती, म्हणून एकाकडे स्वर्गाचं खातं दिलं आणि दुसऱ्याकडे पृथ्वीचं. उत्तर व्यवस्थित आहे आणि ‘क्वो यू’ या ग्रंथात नीट जपलं गेलं. त्याच्याआधी राजाने विचारलेला प्रश्नही तिथेच आहे. राजाला खात्यांविषयी काही विचारायचं नव्हतं. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ती वाट तोडली नसती तर माणसं खरंच स्वर्गात चढून गेली असती का.